स्वतः तपासलेली गिटार

“काट्याकडे बघ. दुकानदाराच्या तोंडाकडे बघू नकोस. तोंड गोड असतं, काटा नसतो.”

नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी दिलेली ही ताकीद ताईंनी एकतीस वर्षं पाळली. वजनमाप खात्यात त्या निरीक्षक होत्या. त्यांनी शिक्का मारला की काटा खरा, असं अख्ख्या बाजारात मानत. एखादा किराणावाला लबाडी करायचा झाला तरी ताईंची बदली होईपर्यंत कळ काढायचा. माणसाजवळ दागिना असतो, जमीन असते. ताईंजवळ शब्द होता. तो त्या उगाच कुठे खर्च करत नसत.

आता त्यांच्या आवाजाविषयी. ताईंचा आवाज इतका मऊ होता, की त्यांनी दंड ठोठावला तरी दुकानदाराला आधी वाटायचं, बाई पाणी मागताहेत. तो पाणी आणायला उठायचा आणि परत येऊन बघतो तर गल्ल्यावर पावती. राग त्यांना येत नसे असं नाही. चांगला सणसणून येई. पण त्यांचा नेम होता: राग आला की तो बाहेर काढायचा नाही, त्या दिवशी चहात साखर घालायची नाही. निवृत्तीनंतरचे सहा महिने चहा व्यवस्थित गोड होता.

मग त्यांनी इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं ठरवलं.

“इलेक्ट्रिक?” खालच्या मजल्यावरचे मॅनेजर जिन्यातच थबकले. ते बँकेतून निवृत्त झालेले. बँक सुटली होती, मॅनेजर सुटला नव्हता. “ताई, या वयात? ओल्या हाताने धरलीत म्हणजे?”

“आवाज होऊ नये म्हणून,” ताई म्हणाल्या.

“आवाज होऊ नये म्हणून गिटार?”

तर त्याचं असं होतं. इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू जात नाही. वायर जोडली की आवाज मोठा होतो, आणि ती वायर आपल्याच कानात घातली की तो आपल्यापुरता राहतो. जगातलं सगळ्यात दांडगं वाद्य हेच मुळात सगळ्यात गुपचूप आहे, हे ताईंनी कुठेतरी वाचलं आणि त्यांना ते एकदम आपल्या घरातलं वाटलं.

“मी असतो तर आधी तीन कोटेशनं मागवली असती,” मॅनेजर म्हणाले. “आणि गिटारऐवजी वॉशिंग मशीन घेतलं असतं.”

ताईंनी कोटेशनं मागवली नाहीत, मतं वाचली. तीन आठवडे फोनवर रोज दुपारी त्या स्वस्तातल्या गिटारींविषयी वाजवणाऱ्यांची मतं वाचत होत्या, आणि तिसऱ्या दिवसापासूनच साखरेचा डबा मागे सरकला होता. कारण वाजवणारे कुठेच नव्हते. “खोकं मजबूत. अजून उघडलं नाही. पाच स्टार.” “रंग फोटोपेक्षा गडद, पण मेहुण्याला आवडला.” “डिलिव्हरीवाला फार सभ्य.” एकाने लिहिलं होतं, “भिंतीवर छान दिसते.” भिंतीवर! मग घड्याळ घ्यायचं होतं! आणि जिथे तिथे एकच पालुपद: “किमतीच्या मानाने ठीक.” हे वाचून तर ताईंच्या कपाळाची शीर उडायला लागे. किमतीच्या मानाने म्हणजे काय? स्वस्त साखरेचा किलो नऊशे ग्रॅमचा असतो का? हलक्या कापडाचा मीटर हलका असतो का? वाद्य सुरात असतं किंवा नसतं. मधल्या जागेत दुकानदार उभा असतो.

तरी एक गिटार त्यांनी निवडली. निळसर, हेडफोन लावायची सोय असलेली, “नवशिक्यांसाठी सर्वोत्तम” असा बिल्ला छातीवर लावलेली. मागवली. आली.

आणि इथे ताईंच्या हातून जे घडलं, ते दुसऱ्या कुणाच्या हातून घडलंच नसतं.

डिलिव्हरीवाला घामाघूम होऊन दारात उभा होता. म्हणाला, “ताई, आत्ताच्या आत्ता पाच स्टार द्या ना. चार दिले तर साहेब उभं करतात. आणि वस्तूबद्दलपण दोन शब्द टाका, ते टाकल्याशिवाय माझं काम पुरं झालं असं दाखवत नाही.”

न तपासता शेरा? ताईंनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि म्हणाल्या, “पाच मिनिटं थांबा. तपासते.” त्यांनी माळ्यावरून आपला जुना टांगता काटा काढला. तो दाराच्या कडीला टांगला आणि गिटार पट्ट्याने त्याला अडकवली. खोक्यावर छापलं होतं, निव्वळ वजन तीन किलो चारशे ग्रॅम. काटा हलला, डुलला आणि तीन किलो चारशेवर येऊन उभा राहिला. ग्रॅमभर इकडे नाही, तिकडे नाही. मग टेप काढून लांबी मोजली. तीही बरोबर. एकतीस वर्षांत छापील वजन इतकं तंतोतंत खरं निघालेलं त्यांनी चार-दोनदाच पाहिलं होतं. त्यांना भरून आलं. भरल्या मनाने त्यांनी पाच स्टार दिले आणि खाली लिहिलं: “स्वतः तपासली. निर्धास्त घ्या. – निवृत्त वजनमाप निरीक्षक.”

गिटार वजनावर घेत नाहीत, ही गोष्ट त्या घटकेला डिलिव्हरीवाल्यालाही ठाऊक असावी. पण त्याला पुढे अजून आठ पार्सलं होती.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सूर लावायला घेतला. एक खुंटी पिळावी, तार सुरात यावी. दुसरी पिळेपर्यंत पहिली खुंटी आपोआप सैल पडलेली. सहावी लागली तेव्हा पहिली तार लोंबत होती. मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, ज्यांना पडदे म्हणतात, त्यांची टोकं कडेने बाहेर आलेली. हात सरकवला की तर्जनीतून रक्त. कानात हेडफोन घातला तर जुना फ्रीज गावाला निघाल्यासारखा घूंऽऽ आवाज. तो कमी करायला बटण फिरवलं तर ते गोल गोल फिरतच राहिलं आणि शेवटी विश्वासाने ताईंच्या हातात आलं. बाराव्या पडद्यावर तार बरोबर अर्धी व्हायला हवी. ताईंनी मोजलं, तर अर्धी सोडून भलतीकडेच. तारांची उंची इतकी, की खालून मांजर गेलं असतं.

ताईंनी त्या दिवशी चहाच घेतला नाही.

त्यांनी कंपनीला फोन लावला. अर्धा तास बासरी ऐकवून झाल्यावर एक मुलगी आली.

“नमस्कार! मी आपली काय मदत करू शकते?”

“गिटार सदोष आहे. परत घ्या.”

“मॅडम, जरा मोठ्याने बोलता का?”

“गिटार सदोष आहे.”

“आपण रागावला आहात का मॅडम?”

“हो. भयंकर.”

“आवाजावरून वाटत नाही हो.” मुलीला खरंच वाईट वाटलं असावं. “असं आहे मॅडम, फोन ऐकून इथला कॉम्प्युटरच ठरवतो, तक्रार आहे की चौकशी आहे. तुमची ‘चौकशी’ म्हणून नोंद झालीय. चौकशीवर वस्तू परत घेता येत नाही.”

“मग तक्रार कशी होते?”

“सहसा लोक ओरडतात मॅडम.”

ताईंनी फोन ठेवला. चिडलेल्या माणसाला चिडल्याचा दाखला मागणारं हे कुठलं ऑफिस! त्यांनी खोलीत तीन फेऱ्या मारल्या, आणि ओरडून पाहण्यासाठी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आवाज निघाला, पण तो “अहो” इतकाच निघाला.

“हात्तिच्या! ओरडायचंच आहे ना? मग मी कशाला आहे?” हकीकत ऐकून मॅनेजर बाह्या सरसावून वर आले. “बत्तीस वर्षं मी दुसरं केलंय काय!” त्यांनी ताईंच्या फोनवरून कंपनीला फोन लावला आणि असे कडाडले, की समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी लावून घेतली. ग्राहकाचे हक्क झाले, कायदा झाला, “तुमच्या चेअरमनला द्या!” झालं. मग हळूहळू मॅनेजरांचा आवाज खाली येत गेला. “असं?... हो का?... नाही, ते चांगलंय... हेडफोन दोन्ही कान झाकतात?... मग एक माझ्यासाठीपण पाठवा.” फोन ठेवून ते प्रसन्न हसले. “ताई, माणसं चांगली आहेत हो. आपण उगाच रागावतो. मी त्यांचं सभासदत्व घेतलं.”

“आणि गिटार?”

“ते म्हणाले, ग्राहकाने पाच स्टार दिलेत. समाधानी ग्राहकाची वस्तू परत घ्यायची त्यांच्या नियमात सोयच नाही.” मॅनेजरांनी चष्म्यावरून बघितलं. “ताई, तुम्ही पाच स्टार कशाला दिलेत?”

काही प्रश्नांना फक्त खाली मान घालता येते.

तेव्हा त्या मत बदलायला बसल्या. जुनं पुसता येत नव्हतं, पण खाली नवं जोडता येत होतं. हे त्यांचं क्षेत्र होतं. गोल अक्षरात कागदावर अहवाल लिहून काढला: कुठली खुंटी किती फिरते, कुठला पडदा किती बाहेर, बाराव्या पडद्याला फरक किती मिलिमीटर. एकूण चौदा मुद्दे. असा अहवाल खात्यात गेला असता तर तीन दुकानं बंद झाली असती. फोनवर टाइप करून पाठवला. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं: “आपल्या मतात फार आकडे आहेत. मतामध्ये फोन नंबर देता येत नाही.”

फोन नंबर! ताईंनी सगळे आकडे अक्षरी लिहिले. शून्य पूर्णांक सात दशांश मिलिमीटर. परत आलं: “मत फार लांब आहे.” चौदाचे चार मुद्दे केले. परत आलं: “अयोग्य भाषा.” कुठला शब्द, ते सांगितलं नव्हतं. ताईंनी “लबाडी” काढून “त्रुटी” घातलं. “सदोष” काढून “वेगळी” घातलं. असे अडीच महिने गेले. शेवटी उरलं ते असं: “गिटार थोडी वेगळी आहे.” ते मात्र लगेच स्वीकारलं गेलं आणि खाली, तीनशे सत्तराव्या क्रमांकावर, आंघोळीच्या बादलीखाली ठेवलेल्या साबणासारखं दिसेनासं झालं. सगळ्यांच्या वर, हिरव्या चौकटीत, झळकत होतं: “स्वतः तपासली. निर्धास्त घ्या. – निवृत्त वजनमाप निरीक्षक.” शेजारी लिहिलं होतं: दोनशे बारा जणांना हे मत उपयोगी वाटलं.

ताई त्या हिरव्या चौकटीकडे किती वेळ बघत होत्या, देव जाणे. एकतीस वर्षं ज्यांच्या मुसक्या आवळल्या, त्या सगळ्या काटेमारांनी मिळूनसुद्धा इतक्या लोकांना एका फटक्यात फसवलं नव्हतं.

परत होत नाही तर दुरुस्त तरी करू, म्हणून त्या गिटार खांद्याला लावून बाजारात गेल्या. रेडिओ आणि स्पीकर दुरुस्त करणाऱ्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुरुस्तीवाला सत्तरीचा, कानात कापूस घातलेला. जगातले सगळे आवाज ऐकून झाले, आता पुरे, असा त्याचा चेहरा. त्याने गिटार घेतली, एका डोळ्याने मानेवरून नेम धरल्यासारखं बघितलं आणि टेबलावर ठेवली.

“कुणी सांगितलं ही घ्यायला?”

“एका... निरीक्षकांनी.”

“गाढव असणार.”

“हो,” ताई म्हणाल्या.

“अहो बाई, लाकूड वाईट नाही. तारा बदलल्या की बोलेल. पण कारखान्यात मशीन करतं ते झालंय, माणसाने हाताने करायचं ते राहिलंय. स्वस्ताई तिथेच असते. टोकं घासायची, मान सरळ करायची, तारांखालचा पूल खालीवर करायचा. दोन तासांचं काम. ते त्यांनी वाचवलं आणि तुमच्या बोटांवर ढकललं.” त्याने घड्याळाकडे बघितलं. “मला वेळ नाही. ठेवून जा, महिन्याने या.”

“मला शिकवाल?”

“तुम्हाला?”

ताईंनी पर्स उघडली आणि पातळ पात्यांचा गेज टेबलावर ठेवला. फट किती ते मोजायचं, खात्यातल्या दिवसांचं हत्यार. मग बारीक कानस. मग घड्याळ्याचा पेचकस. दुरुस्तीवाल्याने एक पातं उचलून उजेडात धरलं, कानातला एका बाजूचा कापूस काढला आणि स्टूल पुढे सरकवलं.

तीन दुपारी ताई त्या स्टुलावर बसल्या. मानेच्या आत एक सळई असते, ती पाव फेरा फिरवली की मान सरळ होते. अर्धा फिरवली की मोडते. पडद्यांची टोकं एकाच दिशेने घासायची. खुंटीच्या मागचा स्क्रू आवळायचा, आणि तार खुंटीला तीनदा गुंडाळायची, एकदा नाही. आतल्या बाजूला डबा गुंडाळायची चकचकीत पन्नी चिकटवली की फ्रीज गावाला जातो आणि परत येत नाही. तिसऱ्या दुपारी बाराव्या पडद्यावर तार बरोबर अर्धी झाली. दुरुस्तीवाला म्हणाला, “हं.” त्याच्याकडून एवढं म्हणजे ताम्रपट.

ताईंनी त्या संध्याकाळी चहात साखर घालायची म्हणून डबा खाली काढला, आणि सवयीने फोन उघडला. हिरव्या चौकटीखाली कुणीतरी लिहिलं होतं:

“निरीक्षक बाई, तुमचं वाचून घेतली. मी बस कंडक्टर आहे, स्टेशन ते जुना पूल. दोन महिने झाले, सूर लागत नाही, बोटं कापतात. घरचे म्हणतात तुलाच कान नाही. तुम्ही तपासली म्हणता म्हणजे गिटार बरोबरच असणार, माझंच चुकतंय. सोमवारी विकून टाकते. तुमचा राग नाही. आभार.”

आभार! शिव्या दिल्या असत्या तर ताईंनी ओंजळीत झेलल्या असत्या. खोट्या काट्याने लोकांचं धान्य जातं हे त्यांना माहीत होतं. आपल्या शिक्क्याने एका बाईचा स्वतःच्या कानावरचा विश्वास गेला होता. डबा जिथल्या तिथे गेला. त्यांनी उत्तर लिहिलं, ते परत आलं: “मतामध्ये भेटीची वेळ देता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या स्टेशनच्या थांब्यावर उभ्या होत्या. जुन्या पुलाच्या तीन बस सोडल्या. त्यांत पुरुष कंडक्टर होते. चौथ्या बसमध्ये बाई दिसली. तिच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्टी होती. ताई चढल्या.

“कुठे?” कंडक्टरबाईंनी विचारलं.

“मला तुमच्याशी बोलायचंय.”

“काय? जुना पूल?”

“गिटारबद्दल...”

“मावशी, मोठ्याने बोला, इंजिन खालीच आहे!”

“मी ती... निरीक्षक...”

“अहो मोठ्याने बोला ना बाई!” मागून एक पिशवीवाला ओरडला. “सगळ्यांचा खोळंबा!”

आणि मग गेल्या तीन महिन्यांतलं सगळं, बासरी, चौकशी, फोन नंबर, मॅनेजरांचा हेडफोन, हिरवी चौकट, एकदम वर आलं.

“तुमचा कान बरोबर आहे!” ताई ओरडल्या. बसचं छत दणाणलं. “गिटार खोटी आहे! खोटं मी लिहिलं! मी नुसतं तिचं वजन केलं होतं!”

ड्रायव्हरने ब्रेक दाबला. पिशवीवाल्याची पिशवी पुढे गेली. सगळी बस ताईंकडे बघत होती. कंडक्टरबाईंनी दांडी धरली होती. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“वजन?”

“हो.”

“गिटारचं?”

“हो.”

“दोन महिने!” आता ओरडायची पाळी त्यांची होती. “दोन महिने मी नवऱ्याची बोलणी खाल्ली! पोरीने कानावर उशी धरली! ड्यूटीवरून पाय मोडून यायचं आणि बसायचं, आणि तुम्ही वजन केलंत? बटाटे होते का ते?”

“नाही,” ताई म्हणाल्या. “बोला. अजून बोला.”

“काय बोलू? नशीब माझं!” त्यांनी डोळे पुसले ते चिकटपट्टीच्या हातानेच. “खरंच कान बरोबर आहे?”

“तुम्हाला सूर लागत नाही हे कळत होतं ना? मग कान आहे. नसता तर तुम्हीही पाच स्टार दिले असते.”

पुढच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, “बरोबर बोलल्या बाई.” त्यांना कशाबद्दल चाललंय ते ठाऊक नव्हतं.

“सोमवारी विकू नका,” ताई म्हणाल्या. “रविवारी मी येते. दोन तासांचं काम आहे. मी शिकलेय.”

“येते, येते! कंपनीचा माणूसही येतो म्हणाला होता.”

“मी येते.”

कंडक्टरबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग एका कोऱ्या चिठ्ठीवर पत्ता लिहिला, दोनदा दुमडला आणि ताईंच्या हातात दिला. घंटेची दोरी ओढली.

“आधी तिकीट काढा,” त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी ताईंनी सामान काढलं. गेज, कानस, पेचकस, पन्नीची गुंडाळी, नव्या तारांचं पाकीट. वाजू नये म्हणून प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या रुमालात बांधली आणि पिशवीत घातली. चिठ्ठी उघडून पुन्हा वाचली: पोस्टामागे, दूधकेंद्राच्या वर, तिसरा मजला, बेल बिघडली आहे, दार ठोकणे.

जिन्यात मॅनेजर पेपर घेऊन उभे होते. कानावर नवे हेडफोन होते, त्यामुळे ते जरा जोरातच बोलले. “कुठे निघालात सकाळी सकाळी? कंपनीवर? थांबा, मी येतो ओरडायला!”

ताईंनी हातानेच नको म्हटलं. खाली उतरल्या, फाटक लावलं, कडी आवाज न करता घातली. पिशवी अंगाशी धरून त्या थांब्याच्या दिशेने चालू लागल्या.